फरशी लागण्याआधी

वाचकांचे प्रश्न : घरात नवं बाथरूम

मागच्या अंकात ‘नवं बाथरूम काढताय आणि कुठे अडलंय, तर कळवा’ एवढंच लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतली निम्मी फरशीबद्दल आहेत. रंग कोणता, आकार केवढा, भिंतीला कुठवर लावायची. गेली सव्वीस वर्षं मी लोकांच्या घरची कामं जागेवर उभी राहून करून घेते आहे. फरशीचा रंग चुकला म्हणून बाथरूम पुन्हा फोडावं लागलेलं मला आठवत नाही. फोडावं लागतं ते फरशीच्या मागं आणि खाली जे राहून गेलं त्यासाठी. म्हणून फरशीची पत्रं या वेळी एका उत्तरात आटोपली आहेत आणि उरलेली जागा तिच्या मागच्या गोष्टींना दिली आहे.

प्रश्न : ताई, घरात आम्ही सहा जण आणि बाथरूम एकच. वरच्या मजल्यावर ८ फूट बाय ५ फुटांची अडगळीची खोली आहे, तिचं बाथरूम करायचं ठरवलंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा चौथीत आहे. कंत्राटदार म्हणतात, “फरशी आणि कमोड पसंत करून या, बाकीचं आमच्यावर सोडा.” सुरुवात कुठून करू?

उत्तर : दुकानात अजून जाऊ नका. आधी त्या खोलीतली अडगळ काढा, झाडून घ्या आणि कंत्राटदारांना तिथं उभं करून एकच विचारा : मैल्याचा मोठा उभा पाईप कुठे आहे, आणि आपला पाईप तिथवर कसा जाणार? त्यांनी बोटानं दाखवलं पाहिजे. ‘करू काहीतरी’ हे उत्तर चालवून घेऊ नका, कारण कमोड कुठे बसणार, जमीन किती उचलावी लागणार, दारात पायरी येणार की नाही, हे सगळं त्या एका पाईपावर ठरतं.

हिशेब असा. कमोडचा पाईप ११० मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला आपण चार इंची म्हणतो तो. त्याला ढाळ हवा. मी ६० ला १ धरते. उभा पाईप ३ मीटर दूर असेल तर या टोकापेक्षा ते टोक ५० मिलिमीटर खाली जाणार. ११० आणि ५० झाले १६०. त्यावर झाकायला कोबा, त्यावर फरशी. बघता बघता आठ-नऊ इंच होतात. मुळात बाथरूम म्हणून बांधलेल्या खोलीत स्लॅबच खाली टाकलेला असतो, साइटवर त्याला संकन म्हणतात. तुमच्या अडगळीच्या खोलीत तो नसणार. मग सोपं म्हणून जमीन उचलली जाते आणि दारात नऊ इंचांची पायरी उभी राहते. सासूबाईंना ती दिवसातून आठ-दहा वेळा चढा-उतरायची आहे, त्यातल्या दोन-तीन वेळा रात्री, झोपेतून उठून, आणि परतताना ओल्या पायांनी. ती पायरी होऊ देऊ नका.

वाट आहे. खोलीची एक भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर कमोड त्या भिंतीला पाठ लावून बसवा, आणि पी-ट्रॅपचाच घ्या. ट्रॅप म्हणजे पाईपाचं ते वळण, ज्यात पाणी साठून राहतं आणि गटाराची हवा अडवतं. एस-ट्रॅपचं तोंड खाली जमिनीत जातं. पी-ट्रॅपचं मागं भिंतीत जातं, जमिनीपासून साधारण १८० मिलिमीटरवर. भिंतीवर टांगायचा कमोडही मागूनच बाहेर पडतो. पाईप भिंतीतून सरळ बाहेर गेला की जमिनीखाली चार इंची पाईप राहतच नाही. उरतो तो अंघोळीच्या पाण्याचा नहाणी ट्रॅप. तोही बाहेरच्या भिंतीलगत ठेवला की त्याचा पाईप आखूड होतो आणि जमीन थोडक्यात भागते. कमी उंचीचे ट्रॅप मिळतात, फक्त आत साठून राहणारं पाणी निदान ५० मिलिमीटर खोल असेल याची खात्री करून घ्या. आणि खालची खोली तुमचीच असेल तर आणखी एक पर्याय आहे : पाईप स्लॅबखालून न्यायचा आणि तिथं खोटं छत करायचं. दिसायला ते फार छान नसतं, पण उद्या सांधा गळला तर एक फळी काढून हात पोचतो. मला तो पर्याय आवडतो.

भराव घालायची वेळ आलीच तर वजन मोजा. विटांच्या तुकड्यांचा फूटभर भराव चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातो. तुमची खोली पावणेचार चौरस मीटरची, म्हणजे जवळजवळ दोन टन, तेही बारा महिने तिथंच. त्या स्लॅबला हे पेलेल की नाही हे गवंड्यानं किंवा मी पत्रातून सांगायची गोष्ट नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा. पाईप जवळून जातो म्हणून बीमला भोक पाडू द्यायचं नाही, हेही त्याच वेळी सगळ्यांसमोर बोलून ठेवा.

आता खडू घ्या. कागदावरचा नकाशा कंत्राटदाराला कळतो, घरातल्यांना कळत नाही. जमिनीवर खऱ्या मापात काढा. दारातून आत गेल्यावर आधी बेसिन, मग कमोड, आणि सगळ्यात आत अंघोळीची जागा, म्हणजे हात धुवायला जाणाऱ्याला ओल्यात पाय घालावा लागत नाही. कमोडच्या मध्यरेषेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान १५ इंच सोडा, समोर २४ इंच मोकळे. बेसिनची कड जमिनीपासून ३२ ते ३३ इंचांवर. ही मापं फरशी लागल्यानंतरची आहेत. भिंतीला प्लास्टर आणि फरशी मिळून दीड-दोन इंच सहज खातात, तेवढे खडूच्या रेषेतच आत घ्या. कमोडचं भोक विटेपासून मोजलं आणि फरशी लागल्यावर टाकी भिंतीला अडून कमोड भोकावर बसेना, असं मी इतक्यांदा पाहिलंय की पहिल्याच भेटीत मी टेपवर बोट ठेवून विचारते, ‘हे माप कुठून घेतलं?’

रेषा झाल्या की घरातल्या प्रत्येकाला आत उभं करा, सासूबाईंना आधी. एका घरी आजींना मी खडूच्या कमोडवर स्टूल ठेवून बसवलं आणि म्हटलं, आता उठा. त्यांचा उजवा हात आपसूक पुढं गेला आणि भिंतीवर टेकला. आम्ही नकाशात आधाराचा दांडा काढला होता तो त्या जागेच्या वीतभर मागं. मी त्यांना तसंच थांबायला सांगितलं आणि त्या तळहाताभोवती खडू फिरवला. पाच बोटं, त्यातलं करंगळीचं टोक जरा वाकडं. गवंड्यानं तिथं ठोकून पाहिलं तर भिंत पोकळ ब्लॉकची निघाली. म्हणून फरशी लागण्याआधी तेवढा भाग काँक्रीटनं भरून घेतला, दांड्याचे स्क्रू त्या काँक्रीटमध्ये गेले. तुम्हीही असंच करा. दांड्यावर अख्ख्या माणसाचं वजन येतं तेव्हा नुसत्या फरशीत किंवा पोकळ ब्लॉकमध्ये अडकवलेले स्क्रू उपटून येतात. रबरी चकतीनं चिकटणारे दांडे तर वापरूच नका.

गुडघ्यांसाठी कमोडची बैठक १८ इंचांच्या आसपास ठेवा. नेहमीची १६ च्या आतबाहेर असते आणि ते दोन इंच त्यांना फार जाणवतील. टांगायच्या कमोडला ही उंची आपल्याला ठरवता येते. मुलगा अजून वाढतोय, त्याच्यासाठी पायाखाली छोटं स्टूल ठेवा. दार बाहेर उघडू द्या. आत कुणी पडलं तर माणूस दारालाच आडवा असतो आणि आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी अशी घ्या की बाहेरून नाण्यानं किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवता येईल. अंघोळीच्या जागेला उंबरा नको, ढाळच पुरतो. ८० ला १ धरला तर चार फुटांत १५ मिलिमीटर. पायाला तो कळत नाही, पाण्याला कळतो.

एवढं झालं की दुकानात जा. तोवर तुमच्या हातात कमोडचा प्रकार, त्याचं माप, बेसिनची रुंदी हे सगळं लिहिलेलं असेल.

प्रश्न : आमचे गवंडी म्हणतात की सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचं औषध घालतोय, तेवढं बस झालं. पाणी भरून ठेवायला सांगितलं तर ‘दोन दिवस काम थांबेल’ म्हणून कुरकुर करतात. आग्रह धरावा का?

उत्तर : धरा. आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवा.

औषध घातलेलं सिमेंट पाणी कमी शोषतं. पण जमीन आणि भिंत जिथं भेटतात तिथं, आणि पाईप स्लॅबमधून जातो त्याच्या भोवती, बारीक भेग पडणारच. दोन वेगळ्या वस्तू आपापल्या परीनं आकुंचन-प्रसरण पावतात. गळती या दोन ठिकाणी सुरू होते. म्हणून आधी कोपऱ्यांना मसाल्याची गोलाई द्यायची, पाईपाभोवतीची फट आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटनं भरायची, आणि मग लवचीक कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यात दोन हातांच्या मध्ये जाळीची पट्टी. कोरड्या भागात भिंतीवर फूटभर, अंघोळीच्या जागेत सहा फुटांपर्यंत. डब्यावर वाळायला जेवढा वेळ लिहिलाय तेवढा द्यायचा.

मग पाणी. नहाणीच्या तोंडात बूच घट्ट बसवा, दारात मसाल्याचा छोटा बांध घाला, दोन इंच पाणी भरा. भिंतीवर पाण्याच्या रेघेला पेन्सिलनं खूण करा. आता एक बादली घ्या, तिच्यातही पाणी भरा, आतून खूण करा आणि ती त्याच खोलीत ठेवून द्या. ४८ तास कुणी आत जायचं नाही. जमिनीवरचं पाणी थोडं उतरणारच, हवेनंही उडतं. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढंच जमिनीवरचं उतरलं असेल तर ठीक. त्याहून जास्त उतरलं तर ते कुठंतरी गेलंय, आणि ते शोधायला आत्ता एक कोटिंग खरवडावं लागेल. फरशी लागल्यावर सगळंच खरवडावं लागेल. दोन दिवसांत खालच्या खोलीच्या छताला हात लावून बघा, कोपरे आणि पाईपाची जागा खास.

माझ्या स्वतःच्या घरी हे पाणी भरलं होतं, खूण जागची हलली नव्हती. आठवड्यानंतर प्लंबरच्या लक्षात आलं की बेसिनचा निचरा दोन इंच डावीकडे हवा. मी कामावर होते. त्यानं भोक पाडलं, पाईप सरकवला, वरून सिमेंट लावलं आणि सांगितलं नाही. चार महिन्यांनी पलीकडच्या खोलीत, आईच्या पलंगामागं, भिंतीला तळहाताएवढा ओलसर डाग आला. त्या पावसाळ्यात आई खोकत होती आणि आम्ही कारण बाहेर शोधत होतो. भिंत फोडली तेव्हा ते दोन इंच सरकवलेलं भोक दिसलं. तेव्हापासून माझा नियम आहे : पाणी भरून झाल्यावर त्या जमिनीत किंवा भिंतीत छिन्नी लागली, तर पाणी पुन्हा भरायचं. कितीही छोटं भोक असो. तुमच्या गवंड्यांना हेही आधीच सांगून ठेवा.

भिंतीतल्या पाईपांची तपासणी वेगळी. प्लास्टर करण्याआधी सगळी तोंडं बंद करून प्लंबरच्या हातपंपानं दाब द्यायचा आणि काटा रात्रभर बघायचा. काटा खाली आला तर प्लास्टर करू द्यायचं नाही.

प्रश्न : जमिनीला चकचकीत फरशी हवी असं मुलीचं म्हणणं आहे, मला भीती वाटते. मोठ्या फरश्या घ्याव्यात की लहान?

उत्तर : तुमची भीती खरी आहे. चकचकीत फरशी भिंतीला लावा, मुलीलाही समाधान मिळेल. जमिनीला मॅट घ्या, खोक्यावर आर १० किंवा आर ११ लिहिलेली. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. दुकानात नमुन्यावर थोडं साबणाचं पाणी टाकून अनवाणी पाय ठेवून बघा. दुकानदार नाही म्हणत नाहीत. अंघोळीच्या जागेत लहान फरशी बरी, कारण चारही बाजूंनी जाळीकडे ढाळ द्यायचा असतो आणि दोन फुटांची फरशी वाकत नाही. व्हिट्रिफाइड असेल तर ती पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या रबडीला धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडेसिव्हच हवं. सांधे अगदी चिकटवून लावू देऊ नका. दोन-तीन मिलिमीटर सोडा आणि अंघोळीच्या भागात इपॉक्सीनं भरा. रंग तुम्हा दोघींना आवडेल तो.

प्रश्न : हौसेनं छताएवढा मोठा शॉवर बसवला. पाणी नुसतं ठिबकतं. वरची टाकी आमच्या गच्चीवरच आहे आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, मग जोर का नाही?

उत्तर : वरच्या मजल्यावर राहता म्हणूनच नाही. टाकीतल्या पाण्याला जोर उंचीनं येतो. दर १० मीटर उंचीला जवळपास १ बार (बार हे दाबाचं माप). तुमची गच्ची बाथरूमच्या जमिनीपासून ३ मीटर वर असेल आणि टाकी दीड मीटरच्या ओट्यावर असेल, तर टाकीचा तळ साडेचार मीटरवर आला. शॉवर २.१ मीटरवर. राहिले २.४ मीटर, म्हणजे पाव बारसुद्धा नाही. मोठ्या शॉवरच्या खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, बहुतेकदा १ बारच्या आसपास. खरेदीच्या वेळी तो आकडा वाचायचा असतो, आणि दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही याचा मला राग येतो.

आता काय करता येईल? टाकीपासून बाथरूमपर्यंतचा पाईप बारीक असेल तर तो मोठा करा, २५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, आणि शेवटच्या टप्प्यातच लहान करा. कोपऱ्यांत एल्बो कमी करा. मिक्सरच्या आतल्या जाळ्या काढून धुवा. नव्या कामानंतर त्यात हमखास सिमेंटची कचकच अडकलेली असते. एवढ्यानं भागलं नाही तर टाकीखाली प्रेशर पंप. पंप लावलात तर थंड आणि गरम दोन्ही पाण्यांना लावा. एकाला जोर आणि दुसऱ्याला नाही असं झालं की मिक्सरमध्ये जोरवालं पाणी दुसऱ्याला मागं ढकलतं, आणि अंगावर कधी गार तर कधी चटका. पंप बसवण्याआधी भिंतीतल्या जुन्या पाईपांची दाबाची चाचणी करून घ्या. पाव बारवर टिकलेला कच्चा सांधा पंपाखाली टिकेलच असं नाही.

खर्च टाळायचा असेल तर तो शॉवर काढून साधा, तळहाताएवढा लावा. भोकं कमी असली की त्याच पाण्याची धार भरीव लागते. हे मी मनापासून सांगते आहे, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : पाच जणांसाठी गीझर किती लिटरचा घ्यावा? जाऊबाई म्हणतात गॅसचा घ्या, पाणी संपतच नाही. बाथरूमला छोटी खिडकी आहे.

उत्तर : दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. गॅसचा गीझर बाथरूमच्या आत बसवू नका. खिडकी असली तरी नको. जळताना तो खोलीतला प्राणवायू ओढतो, आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोकं जड झाल्याचं कळेपर्यंत पायांतली शक्ती गेलेली असते. थंडीत खिडकी लावून घेतली जाते आणि त्याच दिवसांत अंघोळ लांबते. घ्यायचाच असेल तर बाहेर, उघड्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप आणा. जाऊबाईंकडे तो आत असेल तर आजच फोन करा.

विजेचा घेतलात तर हिशेब सोपा आहे. २ किलोवॉटच्या गीझरला २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला अर्धा तास लागतो. ते २५ लिटर थंड पाण्यात मिसळून ४० अंशांचं केलं की ५८ लिटर होतं. साधा शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर घेतो, म्हणजे सहा-सात मिनिटांची एक अंघोळ. पाच जण सकाळी एका पाठोपाठ जाणार असतील तर २५ लिटरचा गीझर दर अंघोळीमागं अर्धा तास मागेल. दोन अंघोळी लागोपाठ व्हायला हव्या असतील तर ५० लिटरचा घ्या. जागा कमी असेल तर आडवा मिळतो. भरलेली ५० लिटरची टाकी म्हणजे पाण्याचंच ५० किलो वजन, भिंत विटांची भरीव आहे ना बघा.

त्याला वेगळी वायर आणा, दुसरं काही त्यावर नको. मी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची घेते. स्विच शॉवरच्या उडणाऱ्या पाण्यापासून लांब, शक्यतो दाराबाहेर. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा, त्याचा खटका खाली पडला पाहिजे. गीझरच्या खालच्या सुरक्षा-व्हॉल्व्हमधून थेंब येतात म्हणून कुणी त्याचं तोंड बंद करतं. ते कधीही करू नका. आतला वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. त्याला नळी जोडून नहाणीपर्यंत सोडा, झालं.

प्रश्न : पाहुण्यांसाठी वेगळं बाथरूम केलं. सगळं नवं, तरी दार उघडलं की गटाराचा वास येतो. रोज फिनेल टाकतो. एक्झॉस्ट पंखा लावला तर वास वाढल्यासारखा वाटतो.

उत्तर : पंख्याबद्दलचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि कारण त्यातच आहे. प्रत्येक नहाणीच्या, बेसिनच्या आणि कमोडच्या ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं. ते पाणी हेच गटाराच्या हवेला लावलेलं झाकण. बाथरूम आठवडेच्या आठवडे वापरलं नाही की ते उडून जातं आणि झाकण निघतं. मग पंखा लावून दार बंद केलं की तो बाहेर टाकायची हवा कुठून तरी ओढणारच, आणि सगळ्यात सोपी वाट त्या कोरड्या नहाणीतून असते.

जाळी उचलून टॉर्च मारा. आत पाणी चमकलं नाही तर उत्तर मिळालं. तांब्याभर पाणी टाका, तासाभरानं आत जाऊन बघा. आठवड्यातून एकदा सगळीकडे पाणी सोडायची सवय लावा. दाराखाली पाऊण-एक इंच फट ठेवा, म्हणजे पंख्याला हवा घरातून मिळेल.

पाणी असूनही वास येत असेल तर फ्लश करून नहाणीकडे कान द्या. गुडगुड आवाज आला तर खाली जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतंय, उभ्या पाईपाला वर हवेचं तोंड नाही किंवा ते बुजलंय. तो पाईप गच्चीपर्यंत उघडा गेला पाहिजे. ते प्लंबरचं काम. फिनेल थांबवा, त्यानं फक्त दोन वास होतात.

प्रश्न : नव्या बाथरूममध्ये आरसा लावताना ड्रिल भिंतीतल्या पाईपात गेलं. पाणी कारंज्यासारखं उडालं. प्लंबर उद्या येणार आहे. फरशी किती फोडावी लागेल?

उत्तर : एक फरशी, फार तर दोन. भोकाच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा करायची, तेवढा पाईप कापायचा आणि नवा तुकडा दोन कपलिंगनी जोडायचा. गरम पाण्याचा पाईप सीपीव्हीसीचा असेल तर सोल्यूशनही सीपीव्हीसीचंच हवं, साध्या पीव्हीसीचं नको. भोकाला वरून एम-सील लावून फरशी बसवतो असं म्हणाले तर ऐकू नका. जोडल्यावर पाणी सुरू करून निदान रात्रभर उघडंच ठेवा आणि सकाळी कोरडा कागद लावून बघा. खोक्यातल्या उरलेल्या फरश्या जपून ठेवल्या असतील तर आत्ता उपयोगाला येतील.

ज्यांची कामं सुरू आहेत त्यांनी यासाठी एक करावं. पाईप आणि वायरी बसल्या, चाचणी झाली आणि प्लास्टर अजून व्हायचंय, त्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा. एक टेप जमिनीपासून उभा, एक कोपऱ्यापासून आडवा, आकडे वाचता येतील इतक्या जवळून. मी ते छापून घरमालकिणीच्या हातात देते, कारण फोन बदलतात. फोटो नसेल तर एवढं लक्षात ठेवा की चांगला प्लंबर पाईप तिरपा नेत नाही. नळ, मिक्सर, शॉवर यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका. बेसिनवर आरसा लावायचा म्हणजे नेमकी हीच जागा येते, म्हणून तो मी अ‍ॅडेसिव्हनं चिकटवते.

आणि पाणी उडालं तेव्हा बंद कसं केलंत, हे पत्रात नाही. गच्चीवर धावावं लागलं असेल तर प्लंबर येतोच आहे, त्याला बाथरूमच्या दाराबाहेर हाताला येईल असा एक कॉक बसवायला सांगा. असलेला कॉक फिरला नसेल तर तो बदलून घ्या, आणि नवा बसला की घरातल्या सगळ्यांकडून, मुलांकडूनसुद्धा, एकदा बंद करून उघडून घ्या.